क्षयाच्या वॉर्डातली पडक्या घरांची गल्ली

मला काय झालं आहे ते डॉक्टरांनी माझ्या वडिलांना सांगितलं, थोरल्या भावाला सांगितलं, भावाच्या मेव्हण्यालाही सांगितलं. मला सांगितलं नाही.

ठाण्याच्या त्या दवाखान्यात तपासायच्या खोलीला अर्धं दार होतं. कंपाउंडरने मला बाहेर बाकावर बसवलं होतं. दाराखालून मला आतले फक्त पाय दिसत होते. डॉक्टरांचे काळे बूट, भावाच्या वहाणा आणि वडिलांचे अनवाणी पाय. मिठागरात जन्म गेलेल्या माणसाचे पाय पांढरट आणि भेगाळलेले असतात, ते कुठेही ओळखू येतात. डॉक्टर काहीतरी बोलले आणि वडिलांच्या पायांची बोटं आत वळली. तशीच राहिली.

बाहेर येऊन वडील म्हणाले, "छातीन पानी झालाय. दुसरा काय नाय. थोडे दिस हवापालट करायचा."

"एवढंच सांगायला इतका वेळ?" मी विचारलं.

"डाक्टर लई बोलतो," भाऊ म्हणाला आणि माझ्या हातातली छत्री काढून घेतली. त्याने माझी छत्री याआधी कधी धरली नव्हती.

हे मी आज बरा होऊन लिहितो आहे. ज्यांच्या घरात हा आजार आला आहे त्यांच्यासाठी लिहितो आहे. औषधांचं मला फारसं कळत नाही, ते डॉक्टर सांगतील. मला सांगायचं आहे ते संशयाबद्दल. तो ह्या आजारात तापाबरोबर चढतो आणि ताप उतरला तरी उतरत नाही.

वेगळं ताट

मी कोपर गावचा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सही करत नव्हतं. गावच्या शाळेतल्या मास्तरांनी वडिलांपुढे अक्षरशः हात जोडले म्हणून मी पुढे शिकलो, बी. ए. झालो आणि ठाण्याला कचेरीत लागलो. मास्तरांचे आणि वडिलांचे उपकार ह्या जन्मी फिटायचे नाहीत. हे आधी सांगतो, कारण पुढे मी घरच्याच माणसांबद्दल काय काय मनात आणलं ते लिहिणार आहे.

दवाखान्यातून आलो त्या दिवसापासून माझं ताट वेगळं झालं. वाटी वेगळी, तांब्या वेगळा. आमची मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. तिचा पाळणा वहिनीच्या खोलीत गेला. "तिकडं वारा बरा लागतो," बायको म्हणाली. बायकोचं नाव जानकी. ती मला वाढताना हात लांब करून वाढू लागली. शेजारचे काका अंगणाच्या कडेलाच थांबून "बरा हायस ना?" विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता वळायचे.

छातीत पाणी झालेल्या माणसाचं ताट वेगळं कशाला? हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कोणीतरी खरं बोललं असतं, ही भीती होती. मी फक्त बघत राहिलो. कोण कोणाच्या कानाशी लागतं, मी आलो की कोण गप्प होतं, माझा कप कोणत्या राखेने घासला जातो. घरातल्या प्रत्येकावर मी पहारा ठेवला होता.

चौदा खाटा

पंधरा दिवसांनी मला माजिवड्याच्या पलीकडे एका आरोग्यधामात ठेवलं. फाटकावरच्या पाटीवर आजाराचं नाव नव्हतं. पण आत शिरल्यावर प्रत्येक खाटेखाली झाकणाचा डबा दिसला, थुंकण्यासाठी, आणि मला सगळं समजलं. क्षय. वडिलांनी माझी ट्रंक खाटेखाली सरकवली आणि म्हणाले, "पानी सुकला की घरी." मी मान हलवली. त्यांना वाटलं मला माहीत नाही. मीही तसंच वाटू दिलं.

वॉर्डात चौदा खाटा होत्या आणि पुढे लांब व्हरांडा. सकाळी ताप बघायचा, मग दूध आणि अंडं, मग सुई. दुपारी दोन ते चार कोणी बोलायचं नाही, पुस्तकसुद्धा धरायचं नाही. सोमवारी वजन. वजनाच्या दिवशी लोक खिशात दगड घालून काट्यावर उभे राहायचे. सिस्टर शांतपणे म्हणायच्या, "खिसे रिकामे करा." सिस्टर कडक होत्या, पण सुई देताना आधी माझा हात स्वतःच्या तळव्याने चोळून गरम करायच्या. तेवढं कोणी केलेलं मी विसरलेलो नाही.

प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी इंग्रजीत लिहिलेला तक्ता टांगलेला असे. मला इंग्रजी वाचता येतं हे दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना कळलं आणि लोक मला बोलावू लागले. "ओ बी. ए., जरा माझं बघा ना, काय लिहिलंय?" डॉक्टरांची अक्षरं आणि खुणा मला चार ओळींपलीकडे लागत नसत. मी सांगायचो, "सुधारणा आहे असं लिहिलंय." सगळ्यांना हेच सांगायचो. घरचे माझ्याशी जे करत होते तेच मी ह्या लोकांशी करतो आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

हवालदार

माझ्या शेजारच्या खाटेवर कल्याणचे हवालदार मोरे होते. महायुद्धात इटलीला गेलेले. उंच, वाळलेले, आवाज मात्र परेडवरचा. ते खाटेवर बसून एका फळीवर काहीतरी करत असायचे. मी पहिल्या दिवशी विचारलं, "घर बांधता का?"

"बांधून झालं. आता पाडतोय."

फळीवर एक गल्ली होती. इटलीतल्या एका लहान गावातली. हवालदारांची तुकडी तिथे अकरा दिवस अडकली होती. दोन्ही बाजूंना वीतभर उंचीची दुमजली घरं. छपरं खाली आलेली, जिने हवेत संपलेले, एका भिंतीवर नुसती खिडकी उरलेली. हाडांच्या वॉर्डात प्लॅस्टरची पूड मिळे, सिस्टर त्यातली उरलेली देत. त्याच्या भिंती. इंजेक्शनांच्या खोक्यांचा पुठ्ठा आतून. वीट कुटून तिची पूड, चुलीतला कोळसा आणि चहाचं पाणी, हे रंग. दात घासायच्या ब्रशवर कोळशाचं पाणी घेऊन ते अंगठ्याने केस मागे ओढून सोडायचे. भिंतीवर बारीक शिंतोडे उडायचे आणि भिंत जळाल्यासारखी दिसायची. छातीचे फोटो काढायच्या खोलीतून फुकट गेलेल्या जुन्या फिल्मा ते मागून आणत. त्या धुऊन, तुकडे करून खिडक्यांना काचा म्हणून लावत.

माणसं होती ती दिवाळीतली. कल्याणच्या कुंभारवाड्यात किल्ल्यासाठी मातीचे मावळे मिळतात, ते त्यांची बहीण आणून देई. हवालदार कानस घेऊन पागोटं घासून शिरस्त्राण करत, ढाल काढून टाकत आणि भाल्याच्या जागी काडीची बंदूक लावत.

"मिशी राहिली की," मी एकदा म्हटलं.

"राहू दे. आमच्यात होत्या मिश्या."

सगळं मावळ्याच्या उंचीवर मोजायचं. दार त्याच्या सव्वापट, पायरी त्याच्या गुडघ्याच्या खाली. "दार चुकलं की घर खोटं," ते म्हणायचे. आणि त्यांचा मुख्य नियम असा की पडकं घर सरळ पडकं बांधायचं नाही. आधी अख्खं घर उभं करायचं, आत जिना, फडताळ, चूल सगळं. मग ते हाताने मोडायचं.

"सरळ मोडकंच बनवलं तर काय होतं?"

"ओळखू येतं. माणूस स्वतः होऊन मोडकं बनवायला गेला की भोक गोल पाडतो आणि कड साफ ठेवतो. मोडलेल्या वस्तूला साफ कड नसते, बी. ए. बघा कधी."

मला ह्या माणसाचा संशय यायचा. सिस्टर त्याच्याशी हळू आवाजात का बोलतात? फोटोच्या खोलीत त्याला का जाऊ देतात? वॉर्डातले काही जण म्हणत की गल्लीतला एकेक शिपाई म्हणजे एकेक पेशंट आहे आणि खाट रिकामी व्हायच्या आधी हवालदार शिपाई आडवा करतो. मी हसायचो, पण शिपाई मोजले होते. तेरा उभे होते आणि एक कमानीखाली आडवा. एके दिवशी धीर करून विचारलं, "तो कोण?"

"कोण म्हणजे?"

"मेलेला."

हवालदारांनी वाकून त्या शिपायावरची धूळ फुंकली. मग म्हणाले, "झोपलाय तो. सहा दिवसांनी पाठ टेकली होती बिचाऱ्याने. मी स्वतः त्याच्या अंगावर पोतं घातलं."

पटलं नाही. मी मनात म्हटलं, सांगायला काय जातं.

पाकीट

तिसऱ्या महिन्यात आई भेटायला आली. गावदेवीचा अंगारा भरलेला तांब्याचा ताईत तिने काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधला. "ह्यो काढायचा नाय. कोन काय बोलला तरी नाय."

पुढच्या आठवड्यात छातीचा फोटो काढायचा होता. अंगावरचं सगळं काढून या, असं तिथला माणूस दरवेळी सांगे. ताईत काढला तर आईला दिलेला शब्द मोडणार होता. दाखवला तर बी. ए. झालेला माणूस ताईत घालतो म्हणून तो माणूस हसणार. मी मधला रस्ता काढला. दोरा आवळला, ताईत मागे पाठीवर सरकवला आणि वर पंचा टाकला. छाती प्लेटला टेकवून उभं करतात, तेव्हा फोटो छातीचाच निघणार. पाठीवर काय आहे त्याच्याशी प्लेटला काय करायचं आहे? असं माझं शास्त्र.

फोटो झाला. फिल्म वाळल्यावर त्या माणसाने पाकीट माझ्याच हातात दिलं आणि डॉक्टरांच्या खोलीत नेऊन द्यायला सांगितलं. खोलीला कुलूप होतं. डॉक्टर सोमवारी येणार होते, तो दिवस गुरुवार होता. पाकीट सिस्टरकडे द्यायला हवं होतं. मी व्हरांड्याच्या टोकाला गेलो आणि ते उघडलं.

उजेडात धरलं. डाव्या बाजूला, फासळ्यांच्या मध्ये, वालाच्या दाण्याएवढा लांबट पांढरा ठिपका होता. पहिल्या फोटोत असं काही नव्हतं. तो पहिला फोटो डॉक्टर एकदा विद्यार्थ्यांना दाखवत होते तेव्हा मी पाहिला होता.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. आई अचानक ताईत घेऊन का आली. जानकी मागच्या रविवारी का रडवेली होती. भाऊ डॉक्टरांना वेगळा का भेटला. दुसऱ्या बाजूलाही पसरलं आहे आणि हे सगळ्यांना माहीत आहे, असं मी ठरवून टाकलं. आमच्या वॉर्डात एकाचं फुफ्फुस दाबून बसवण्यासाठी त्याच्या फासळ्या कापून काढल्या होत्या, तो परत आला नव्हता. डॉक्टरांनी ही फिल्म पाहिली तर माझ्याही काढतील. आणि घरचे कागदावर अंगठा देतील, मला न विचारता.

फिल्म मी गादीखाली लपवली. सिस्टरनी विचारलं तेव्हा सांगितलं, डॉक्टरांच्या खोलीत सरकवली आहे. तीन दिवस मी दूध मोरीत ओतलं. शुक्रवारी आणि शनिवारी सुई घ्यायच्या वेळी पोट बिघडलं म्हणून संडासात बसून राहिलो; रविवारी सुई नसे. रविवारी भाऊ आला की त्याच्याबरोबर निघून जायचं, मरायचं ते कोपरला, असा बेत केला होता.

साफ कड

रविवारी दुपारी मी ट्रंक भरत होतो. हवालदार खाटेवरून बघत होते.

"कूच?"

"घरी चाललो."

"कोणी सोडलं?"

"मीच."

"सुया अर्ध्यावर टाकून?"

मी चिडलो. तीन दिवसांचं सगळं त्यांच्यावर काढलं. "तुम्हांला सगळं आधीच माहीत असतं ना? कोण जाणार, कोण राहणार? मग माझाही शिपाई आडवा करून टाका!" आणि गादीखालची फिल्म ओढून त्यांच्या अंगावर टाकली.

त्यांनी ती उचलली, व्हरांड्याकडे वळून उजेडात धरली. बराच वेळ बघितली. जुन्या फिल्मांच्या खिडक्या करून करून त्यांचे डोळे त्यात मुरलेले होते.

"हा आजार नव्हे," ते म्हणाले.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. पण ह्या बाजूचा बघा, हा जुना डाग. कापसासारखा पसरलाय, कड कुठे संपते कळत नाही. हा आजार. आणि हा?" त्यांनी ठिपक्यावर नख टेकवलं. "चारी बाजूंनी कड साफ. दोन टोकं सारखी. वर दोन बारीक कान. ही केलेली वस्तू आहे, बी. ए. कोणीतरी ठोकून केलेली. पाठीवर काय होतं तुमच्या?"

माझा हात आपोआप गळ्यातल्या दोऱ्याकडे गेला.

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं, ताईताकडे बघितलं आणि इतके हसले की खोकला लागला. सिस्टर धावत आल्या. "अहो हवालदार, काय झालं?"

"काही नाही, सिस्टर. बी. एं.च्या फुफ्फुसात देवी बसली."

सगळा वॉर्ड हसला. मी ट्रंकेवर बसलो आणि रडलो. सिस्टरनी मात्र फिल्म घेतली, मग माझा हात घेतला आणि विचारलं, "सुया किती चुकवल्यात?"

"दोन."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरांना विचारलेलं

सोमवारी ताईत उशीखाली ठेवून पुन्हा फोटो काढला. ठिपका नव्हता. जुना डाग निम्मा झाला होता. डॉक्टरांनी मला दहा मिनिटं झाडलं. ते त्यांचं बरोबरच होतं. त्यांचं संपल्यावर मी विचारलं, "डॉक्टर, मला क्षय आहे ना?"

"मग तुम्हांला काय वाटलं, पडसं?"

"मला कोणी सांगितलं नव्हतं."

ते म्हणाले, "तुम्ही कोणाला विचारलं होतंत?"

मी दुसरंच विचारलं.

"वाचेन का?"

"आजचा फोटो बघून सांगतो, वाचाल. सुया सोडल्यात तर मी काहीही सांगू शकत नाही."

एवढं साधं होतं. तीन महिने मी लोकांच्या पावलांवरून, ताटांवरून, राखेवरून जे वाचायचा प्रयत्न करत होतो ते एका वाक्यात मिळालं. वॉर्डात परतून मी ज्यांचे तक्ते वाचले होते त्यांच्याकडे एकेक करून गेलो आणि सांगितलं की मला ते अक्षर नीट लागत नाही, तुम्ही डॉक्टरांना विचारा. दोघांनी मला शिव्या दिल्या. एकाने विचारलं आणि त्याचं उत्तर चांगलं नव्हतं. तरी त्याने मला जवळ बोलावून घरी पत्र लिहायला सांगितलं, आणि त्या पत्रात कोणाला काय द्यायचं, मुलीचं लग्न कुठे करायचं, सगळं तो नीट बोलला.

हवालदार माझ्याआधी दोन महिने बरे होऊन गेले. वॉर्डातल्या वस्तू बाहेर न्यायची बंदी होती, त्यामुळे गल्ली मागच्या अंगणात जाळली. आम्ही हळहळलो तर ते म्हणाले, "तिला सवय आहे." पण मला शेवटी सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, डॉक्टरांशी बोललो त्याच्या पुढच्या रविवारचं.

रविवार

जानकी एकटी आली होती. नेहमीप्रमाणे व्हरांड्यातल्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली, डबा मध्ये ठेवला आणि म्हणाली, "पानी कमी झाला का?"

शाळेत गेल्यापासून मी घरीही पुस्तकी बोलायचो. त्या दिवशी मात्र घरचीच भाषा तोंडात आली. "मना पानी नाय झाला. मना क्षय झालाय."

तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. मला वाटलं रडेल. पण तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुमाला म्हाइत हाय, ह्या मना म्हाइत नव्हता."

"पहिल्या दिवसापासून म्हाइत हाय."

"आनि मी येवढे महिने येताना वाटेन बोलून बघायची, पानी, पानी, पानी. चुकून तोंडातून दुसरा निघाला तर?" मग ती रागावली. खरोखर रागावली, लग्नानंतर पहिल्यांदा. "येवढे हिशोबी कशाला वागलाव? येक शब्द बोलता नाय आला?"

मी डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. डाग निम्मा झाला हे सांगितलं. दोन सुया बुडवल्या तेही सांगितलं. ती ऐकत राहिली. तिच्या खांद्यांतला ताठपणा हळूहळू गेला.

"मंग आता मी पन येक सांगू?" ती म्हणाली. "पोर उभी ऱ्हायली."

"कधी?"

"महिना झाला."

"महिना? आणि मला आज सांगतेस?"

"तुमी बगायला नाय, म्हनून. तुमाला लागंल मनाला. आय बोलली, बाबा बोलले, नाय सांगायचा. सगल्यांनी ठरवला."

एवढे दिवस मी समजत होतो की ते माझ्यापासून मरण लपवत आहेत. ते होतंच. पण त्या एका गाठोड्यात त्यांनी हेही बांधून ठेवलं होतं, आणि मी विचारलं नाही म्हणून ते उघडलं नव्हतं.

"कशाला धरून उभी राहिली?"

"कशाला पन नाय. आंगनान, मधोमध. बसलेली व्हती, दोन हात भुईला टेकवले न उठली. आयनं बघितला न येवढ्या मोठ्यानं बोंबलली का पोर घाबरून बदकन खाली बसली. मंग बाबांनी आयला दम दिला, सगल्यांना गप बसवला, न आमी सगली तिच्याकडं बगत बसलो. बाबा कामाला पन गेले नाय."

"मग?"

"मंग परत उठली."

बाकावरचा डबा मी उचलून खाली ठेवला. डॉक्टरांनी मोकळ्या हवेत, थोडं अंतर ठेवून बसायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. जानकी बाकाच्या मध्यापर्यंत सरकून बसली.

"पहिल्यापासून सांग," मी म्हटलं. "सकाळ होती का दुपार, तिथपासून."

आणि तिने पहिल्यापासून सांगितलं.